दाएंग रुरुंगचा किल्ला

किल्ला आज सरकारचा आहे. त्याआधी डचांचा होता आणि त्याहीआधी आमच्या राजाचा. पण मकासरच्या समुद्राकाठी, आमच्या गल्लीत, त्या काळी कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की किल्ला दाएंग रुरुंगचा. कुलूप उघडणारा शिपाई यायच्या आधी हा दारात हजर. कुणी परका माणूस भिंतीला टेकून उभा राहिला तरी याच्या कपाळावर आठी. परक्याने याच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवला असता तरी हा इतका चिडला नसता.

मी त्याच दारासमोर केळी भाजते. अर्धवट पिकलेली केळी निखाऱ्यावर धरायची, दोन फळ्यांत दाबून चपटी करायची, पुन्हा भाजायची आणि वरून ताडगुळाचा पाक. गल्लीत माझं घर आणि दाएंग रुरुंगचं घर यांच्यामध्ये बांबूची एकच भिंत. त्यामुळे दिवसा त्याचं किल्ल्यातलं बोलणं ऐकायचं आणि संध्याकाळी घरातलं. दोन्ही फुकट.

माणूस बुटका, पायांनी फेंगडा, डोक्यावर काळी टोपी. आवाज मात्र अंगापेक्षा मोठा. दर शनिवारी दुपार कलली की किल्ल्याच्या आतल्या अंगणात बुरुजाच्या पायरीवर बसायचा आणि जमलेल्यांना किल्ल्याची गोष्ट सांगायला सुरू व्हायचा. आधी मातीचा किल्ला. मग मारोसच्या डोंगरातून आणलेला दगड. किल्ल्याचा आकार कासवाचा, तोंड समुद्राकडे. कासव पाण्यातही राहतं आणि जमिनीवरही, तसे आम्ही मकासरी. मग मसाल्याच्या व्यापारापायी डच आले, त्यांच्या जोडीला शेजारच्या बोने राज्याचा राजा आला, आमचा राजा लढून लढून थकला आणि तहात हा किल्ला देऊन बसला. डच सेनापतीने त्याची मोडतोड केली, नव्याने बांधला आणि आपल्या जन्मगावाचं नाव दिलं, रॉटरडॅम. इथे दाएंग दर वेळी थांबायचा. "दुसऱ्याचं घर घेतलं आणि दारावर आपल्या गावाची पाटी लावली," म्हणायचा. लोक माना हलवायचे. तेवढ्यात एखादा पोरगा डचांनी इथे कोंडलेल्या जावाच्या राजपुत्राची कोठडी कुठेय म्हणून विचारायचा आणि दाएंगचा पारा चढायचा. "आधी किल्ला कुणाचा ते ऐक, मग त्यात कोण कोंडलं होतं ते विचार."

एका जागी मात्र त्याचा आवाज खाली यायचा. आमच्याकडे राजाचं जन्मनाव असंच तोंडातून काढायचं नसतं. राजाला मानाची नावं पुष्कळ असतात, ती खुशाल घ्यावीत. पण आईबापांनी ठेवलेलं नाव घ्यायचंच असेल तर आधी तळवे जमिनीकडे करून माफी मागायची, "नाव घेतो, माझं पोट न फुगो." न मागता घेतलं तर पोट फुगतं आणि राजा माफ करीपर्यंत उतरत नाही. आजही माझ्या गल्लीतली म्हातारी माणसं हे पाळतात, मीही पाळते, आणि म्हणूनच ते नाव मी इथे लिहिणार नाही. तहाची गोष्ट आली की दाएंग डोळे मिटून, तळवे खाली करून माफी मागायचा आणि मग हळूच नाव घ्यायचा. ती घटका खरंच बघण्यासारखी असायची. मीसुद्धा पंखा खाली ठेवायची.

त्याची बायको दाएंग जिन्ने; दाएंग हे आमच्याकडे मानाचं नाव, बाईलाही लागतं. कमी बोलणारी, रुंद चेहऱ्याची, बाजारात मासेवाल्याला नुसत्या नजरेने भाव उतरवायला लावणारी. ती किल्ल्यात नवऱ्याचं ऐकायला कधीच गेली नाही. "घरात ऐकते तेवढं पुरे," म्हणायची. आणि घरात तो बोलतच असायचा. भात वाढून घेताना किल्ला, हात धुताना किल्ला. ती कुठे गेली, कुणाशी बोलली, बाजारात इतका वेळ का लागला, हेही विचारायचा. एकदा तिने पावाच्या गाडीवाल्याला हसून उत्तर दिलं, तर याने आठवडाभर पाव बंद केला. गल्ली हसायची. मी हसायची नाही. माझा नवरा जहाजावर, वर्षाकाठी एकदा उगवायचा, आणि मी कुणाशी बोलते, कुणाला हसते, हे त्याने कधी विचारलं नाही. मला जिन्नेचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

मग आंदी तेम्मू आला.

किल्ल्यातल्या संग्रहालयाच्या कचेरीत नोकरीला लागला. बोनेचा, म्हणजे शेजारच्या बुगीस लोकांतला, लहानशा का होईना पण सरदार घराण्यातला, म्हणून नावाआधी आंदी. वय कोवळं, दात पांढरे, सदरा रोज धुतलेला. बुगीस आणि आम्ही एका ताटात जेवतो, मुली देतो-घेतो, पण किल्ल्याचा विषय निघाला की जुनी कढी पुन्हा उकळते. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या गाडीपाशी आला. दाएंग तिथे केळं खात बसलेला.

"दाएंग, तुम्ही फार छान सांगता," आंदी म्हणाला. "मी कचेरीच्या खिडकीतून ऐकतो."

"म्हणजे चोरून."

"खिडकी सरकारची आहे."

"कान तर बोनेचे ना? बोनेच्या कानांनी या किल्ल्यातलं ऐकून काय केलं ते ठाऊक आहे आम्हाला."

आंदी हसला. "खरंय. आमचा राजा नसता तर डचांना किल्ला मिळाला नसता."

"तेच मी दर शनिवारी सांगतो."

"मग दाएंग, आम्ही आलो नसतो तर तुम्ही दर शनिवारी काय सांगितलं असतं?"

मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. दाएंगने अर्धं केळं पानावर तसंच टाकलं आणि उठला. माझ्या गाडीवर केळं टाकून जाणारा तो पहिला माणूस.

पुढे कचेरीतल्या साहेबांनी आंदीलाही शनिवारी लोकांशी बोलायला सांगितलं. तो समोरच्या बाजूला, जुन्या कोठारांच्या ओट्यावर बसायचा. ओट्यावर कसला, लोकांतच बसायचा. दाएंग सांगायचा, आंदी विचारायचा. "आजी, तुमच्या घरी या किल्ल्याबद्दल काय बोलायचे? तुमचा आजा इथे हमाली करायचा? काय वाहायचा? जायफळ? वास यायचा का अंगाला?" आणि लोक बोलायचे. दाएंगच्या पायरीवरची माणसं आधी मान वळवायची, मग पाय. लेंग्याला हात पुसत, खोकत, काही तरी काम आठवल्यासारखं करून उठायची आणि अंगण ओलांडून पलीकडे जायची.

घरी त्याचा नुसता तिळपापड. बांबूच्या भिंतीतून सगळं यायचं.

"लोकांनाच विचारतो. याला काही येत नाही म्हणून विचारतो. शिक्षकाने पोरांना विचारून शिकवावं तसं."

"हं," जिन्ने.

"आणि दात दाखवतो. दात बघायला जातात लोक."

"दात चांगले आहेत त्याचे."

मग एक भांडं आपटल्याचा आवाज.

"तुला काय ठाऊक त्याचे दात?"

"केन्नाच्या गाडीवर येतो तो. मी पाक द्यायला जाते तेव्हा दिसतो."

केन्ना म्हणजे मी. पाक जिन्ने करायची आणि मी विकायची, असं आमचं होतं. दुसऱ्या दिवसापासून पाक घेऊन दाएंग स्वतः यायला लागला. भांडं ठेवायचा, चारी बाजूंना बघायचा आणि विचारायचा, "तो येऊन गेला?" मी मुद्दाम म्हणायची, "कोण?" आंदीचं नाव तोंडाने घ्यायला लागू नये म्हणून तो निमूट निघून जायचा.

आणि मग तो शनिवार. त्या दिवशी दाएंग पाक आणायचा विसरला, कारण गाडी भरून हॉलंडची म्हातारी मंडळी आली होती आणि तो सकाळपासून टोपी झाडत होता. माझ्याकडचा पाक संपला म्हणून जिन्ने स्वतः भांडं घेऊन आली. आतून हसण्याचा आवाज येत होता. तिने भांडं ठेवलं, पदर सारखा करावा तसा खांद्यावरचा सारोंग सारखा केला आणि सरळ दारातून आत गेली. मी निखारे हाताखालच्या पोराच्या हवाली करून तिच्या मागे. असं काही चुकवायला मी काही संत नाही.

आत दोन घोळके. दाएंगचा लहान, हॉलंडच्या मंडळींचा, दुभाष्यासकट. आंदीचा मोठा. जिन्ने आंदीच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. आंदी एका बाईची गोष्ट सांगत होता. तह झाला, किल्ला रिकामा करायचा हुकूम निघाला, आतली घरं बाहेर पडायला लागली. दारात डच शिपाई प्रत्येक गाठोडं उघडून बघतोय, शस्त्र जाऊ नये म्हणून. एक बाई आली, डोक्यावर मसाला वाटायचा पाटा. शिपाई खुणेने म्हणाला, खाली उतरव. तिने तो उतरवला आणि त्याच्याच हातांत दिला. मग सावकाश सारोंग सोडून पुन्हा नेसली. केस सोडून पुन्हा बांधले. पोराला पाजलं. शिपाई दाराच्या मधोमध पाटा धरून उभा, ना टाकता येतोय ना धरवतोय, आणि तिच्या मागची अख्खी रांग न तपासता बाहेर चालली आहे, गाठोड्यांत काय काय घेऊन. शेवटची म्हातारी बाहेर पडल्यावर तिने पाटा परत डोक्यावर घेतला आणि विचारलं, "जड होता का रे बाळा?"

जिन्ने हसली. तोंडावर हात न धरता, मोकळी हसली. शेजारीण म्हणून इतकी वर्षं मी तिला ओळखत होते, तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. दाएंगनेही पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण अंगणापलीकडे त्याचं बोलणं तुटलं. तो तहापाशीच आला होता. तळवे अर्धे खाली गेले होते. डोळे मात्र मिटलेले नव्हते, ते बायकोवर होते. आणि त्याने राजाचं जन्मनाव घेतलं. माफी न मागता, उघडं, चढ्या आवाजात, रिक्षावाल्याला हाक मारावी तसं.

हॉलंडच्या मंडळींना काही कळलं नाही. आमच्या लोकांना कळलं. एका बाईने पोराला कडेवर घेऊन मागे पाऊल घेतलं. आंदी मध्येच थांबला, उठला, दाएंगच्या दिशेला वळून त्याने तळवे जमिनीकडे केले आणि म्हणाला, "नाव घेतलं गेलं, त्याचं पोट न फुगो." आमच्या राजाची माफी बोनेच्या पोराने मागितली. दाएंगचा चेहरा मी पाहिला. पोट फुगून मेला असता तर त्याला चाललं असतं, पण हे नको होतं.

पोट त्याच संध्याकाळी फुगलं. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली वायू आहे, गोळ्या दिल्या. मीही म्हणाले वायूच असेल, कारण त्या दुपारी रागाच्या भरात माझ्या गाडीवर बसून त्याने किती केळी खाल्ली ते मला ठाऊक. पण गोळ्या संपल्या तरी पोट तसंच. कमरेला गुंडाळलेल्या सारोंगाची गाठ बसेना. अन्न समोर आलं की तोंड फिरवायचा. जिन्नेशी बोलायचा नाही. आठवड्याच्या शेवटी त्याने भिंतीवर बोटाने वाजवलं. "केन्ना, राजाच्या थडग्यावर जायचंय. नाव ऐकणारा कुणीतरी बरोबर लागतो. तू ऐकलंस."

"जिन्नेनेही ऐकलं."

"तिला पण चल म्हणावं," तो म्हणाला. बायको त्याच खोलीत बसली होती.

राजांची थडगी शहराबाहेर टेकडावर आहेत. जिन्नेने चिकट भात शिजवला, केळीचा फणा, विड्याची पानं घेतली, आणि आम्ही तिघं लहान बसमध्ये दाटीवाटीने बसून गेलो. थडगी राखणारी म्हातारी माझ्या आजीच्या ओळखीची, एका डोळ्याने आंधळी आणि जिभेने तिखट. तिने पोटाकडे बघितलं.

"मुलगा की मुलगी?"

दाएंगने पोटावर सारोंग ओढून घेतला.

"बस. भात ठेव. का घेतलंस नाव ते सांग. इथे खोटं बोललास तर पुन्हा यावं लागेल, आणि त्याचं भाडं मी देणार नाही."

थडग्याच्या दगडावर हात ठेवून दाएंग रुरुंग बसला. दुसऱ्या हाताने केळीचा फणा सरळ करत राहिला. शेवटी थडग्याकडे बघून बोलला, आमच्याकडे नाही.

"मला हेवा वाटला. बोनेच्या पोराचा. लोक त्याच्याकडे जातात म्हणून वाटत होताच. पण त्या दिवशी माझी बायको हसली. माझ्याजवळ अशी कधी हसली नाही. मी जळलो आणि तुमचं नाव तोंडातून निघालं. माफ करा."

म्हातारीने मान डोलावली, पाणी शिंपडलं, पानं ठेवली. झालं होतं सगळं. उठायचं आणि घरी जायचं. पण हेव्याने पोखरलेला माणूस मिळालेल्या माफीवर थांबत नाही. त्याला कळलं की इथे कुणी खोटं बोलू शकत नाही, आणि त्याने हात दगडावरून न काढता बायकोकडे वळून विचारलं,

"जिन्ने, खरं सांग. कोण चांगलं सांगतं? मी की तो?"

मी मनात म्हटलं, गप बस रे बाबा. म्हातारीने सुद्धा चांगला डोळा दुसरीकडे फिरवला. जिन्नेने थडग्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"तो," ती म्हणाली.

येताना बसमध्ये दाएंग एकटा पुढे जाऊन बसला. पोट मात्र दुसऱ्या दिवशी उतरलं. डॉक्टरणीची गोळी उशिरा लागू पडली म्हणा, राजाने माफ केलं म्हणा. सारोंगाची गाठ पुन्हा बसायला लागली आणि गल्लीला वाटलं, संपलं प्रकरण.

पुढच्या शनिवारी दाएंग पायरीवर बसलाच नाही. तो आंदीच्या घोळक्यात गेला आणि पुढेच बसला, मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याच्यात असं काय आहे ते एकदा बघायचंच, असं दात आवळून. आंदी घाबरला. "दाएंग, तुम्ही इथे?" दाएंग म्हणाला, "सांग. मी काही बोनेचा नाही, समोर बसून ऐकतो."

आंदीने बरंच सांगितलं आणि शेवटी लोकांनी मागितली म्हणून पाट्याची गोष्ट सांगितली. लोक हसले. दाएंगच्या तोंडावरची रेघ हलली नाही. मग एका मुलीने विचारलं, "हे खरंच झालं होतं?"

"मला काय ठाऊक," आंदी म्हणाला. "ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरात ही गोष्ट आईकडून मुलीकडे येते. पाटा अजून आहे त्यांच्याकडे. याच शहरात, किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर. रोज वाटतात त्याच्यावर. डावीकडचा कोपरा उडालेला आहे. त्या म्हणतात, शिपायाने परत देताना दारावर आपटला."

मी दारातून बघत होते. दाएंग रुरुंगचे हात गुडघ्यांवरून खाली आले. लग्नापासून तो ज्या पाट्यावरची मिरची खात होता त्याचा डावा कोपरा उडालेला होता. आमच्या भिंतीला फट आहे, मीही तो पाटा रोज बघते. आणि ही गोष्ट जिन्नेने आंदीला माझ्याच गाडीपाशी उभं राहून सांगितली होती, पाकाचं भांडं हातात धरून, कारण त्याने विचारलं होतं, "तुमच्या घरी किल्ल्याबद्दल काय बोलायचे?" मी ऐकलं होतं. दाएंगला मी सांगितलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.

तो थेट घरी गेला. मी केळी तशीच टाकून मागोमाग गेले आणि भिंतीला कान लावला. जिन्ने चुलीवर मासे भाजत होती.

"ती गोष्ट तुझी आहे," तो म्हणाला.

"माझ्या आईची."

"त्या पोराला सांगितलीस. बोनेच्या पोराला. मला का नाही सांगितलीस?"

"तुम्हाला आधी सांगितली होती, दाएंग."

"कधी?"

"लग्न झालं त्याच महिन्यात. इथेच. तुम्ही राजाचा तह सांगत होता, मी म्हटलं, माझ्या आईकडेही त्या दिवसाची एक गोष्ट आहे. आणि सुरू केली."

"मग?"

"बाई दारापर्यंत आली होती, पाटा अजून डोक्यावरच होता. तुम्ही म्हणालात, मासा करपतोय बघ."

पलीकडे पाटा सरकवल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज आला. अंगणात घुमणारा आवाज नव्हता तो, अगदी बारीक होता.

"आता सांग ना. पूर्ण सांग. मी ऐकतो."

"नको," जिन्ने म्हणाली. "मासा करपेल."